अहो

"माय मिसेस इज ऑफ," हणमंत भोईटे म्हणाला.

वर्गातल्या पाच-सहा जणांनी वहीतून माना वर केल्या. थोरात बाईंनी खडू खाली ठेवला.

"ऑफ म्हणजे? सुट्टीवर आहेत?"

"नाही बाई. ऑफ झाली. गेल्या ऑगस्टात."

कुणीतरी चुकून हसलं होतं, ते गप्प झालं. बाई त्याच्या बाकापाशी आल्या. सत्तरीच्या होत्या, गुडघे दुखायचे, तरी बाकापर्यंत यायच्या.

"भोईटे, इंग्रजीत माणूस ऑफ होत नाही. दिवा होतो, पंखा होतो. मोटर होते."

"मोटरचं मला कळतं."

"माणूस डाइज. माय वाइफ डाइड. तीन शब्द. म्हणा."

हणमंतनं ओठ हलवले. आवाज आला नाही.

"एक्सपायर चालंल का, बाई?"

"औषधाची बाटली एक्सपायर होते."

"मग पास्ड अवे? पट्टी तसं म्हणायची."

"पट्टीला बायको नव्हती," बाई म्हणाल्या. "उद्या म्हणा. पण म्हणावं लागेल."

हणमंतला चौसष्टावं चालू होतं. फलटणला बाजार समितीच्या मागं त्याचं मोटरा भरायचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यानं जळक्या मोटरीतली तार काढून नवी भरली होती. इंग्रजी त्याला येत नव्हतं आणि कधी अडलंही नव्हतं. आता अडलं होतं. अकरा जुलैला पुण्यात एका चौकशी समितीपुढं त्याला इंग्रजीतून बोलायचं होतं, तेही गळ्यात पट्टी न घालता. त्यासाठी तो रोज दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर या वर्गाला येऊन बसायचा. बाहेर पाटी होती, 'बिनपट्टीचं इंग्रजी'. साठ दिवसांचा वर्ग होता. त्याच्या हातात बावन्न होते.

पट्टी आता कुणाला सांगायला नको, पण ती कशी चालते हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हणमंतला ते पहिल्या दिवशीच समजलं होतं, कारण शेवटी ते विजेचंच काम. आपण बोलतो तेव्हा मेंदूकडून जिभेला, ओठांना, कंठाला हुकूम जातो. तो विजेच्या अगदी बारीक प्रवाहानं जातो. आवाज न काढता नुसतं पुटपुटलं तरी प्रवाह जातोच. गळ्याभोवती बांधायच्या त्या दोन बोटं रुंद पट्टीत केसासारख्या तारा असतात. त्या हा प्रवाह टिपतात, त्यावरून मराठी वाक्य जुळवतात, त्याचं इंग्रजी करतात, आणि गळ्याशी बसवलेल्या बारक्या स्पीकरमधून ते तुमच्याच आवाजात बाहेर पडतं. तुम्ही मनात म्हटल्यासारखं पुटपुटायचं आणि जगानं तुमचं इंग्रजी ऐकायचं. समोरच्याच्या गळ्यातही पट्टी असली तर त्याचं तमिळ नाहीतर बंगाली असंच इंग्रजी होऊन येतं आणि तुमच्या कानात मराठी होऊन पडतं. मधला रस्ता सगळीकडे इंग्रजीचाच.

पट्टीला एक फिरवायची चकती असते. तिच्यावर लिहिलेलं असतं, आत्मविश्वास, एक ते पाच. एकवर ठेवली तर तुम्ही अडखळलात की तीही अडखळते. पाचवर ठेवली की ती अडखळणं काढून टाकते, कापरेपणा काढते, धाप काढते, अर्धी वाक्यं पुरी करते. मोठ्या कंपनीतल्या मुलाखतीला लोक पाच लावतात.

ही पट्टी हणमंतनं आणली होती ती बायकोसाठी, शालनसाठी. मुलगी ऋतुजा कोइंबतूरला दिलेली. विहीणबाई कॉलेजात शिकवायच्या आणि इंग्रजीशिवाय दुसरं बोलायच्या नाहीत. फोनवर शालनची फार तारांबळ व्हायची. "यस, यस, जेवलात का, ईटिंग?" एवढं बोलून ती फोन ऋतुजाकडं दे म्हणायची आणि मग दिवसभर घुम्यासारखी कामं करत राहायची. पट्टी आली त्या दिवशी तिनं आरशासमोर उभं राहून ती बांधली आणि चकतीवरचा काटा दोनवर ठेवला.

"दोन कशाला?" हणमंत म्हणाला. "पाच लाव की."

"नको. एवढी का मी हुशार आहे? त्यांना खोटं वाटंल."

"आण इकडं."

आणि त्यानं स्वतःच्या हातानं काटा पाचवर नेला. पट्टी दोन वर्षं पाचवरच राहिली. शालन विहीणबाईंशी तासतासभर बोलायला लागली. लोणच्यावर बोलायची, नातवाच्या शी-शूवर बोलायची. हणमंतला शब्द कळायचे नाहीत, पण आवाज कळायचा. एकसारखा, कुठं खरखर नाही. मोटर भरून झाली की तो कान लावून हेच ऐकायचा. आवाज एकसारखा आला की काम चांगलं झालं.

चार ऑगस्टला सकाळी साडेनऊच्या सुमाराला तो पुढच्या खोलीत शेजारणीचा मिक्सर उघडून बसला होता. शालन स्वयंपाकघरात होती. तिच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तिनं त्याला सांगितलं नाही, पट्टी बांधून आरोग्य वाहिनीला फोन लावला. तिला वाटलं असेल पित्त असेल, उगाच कामातून कशाला उठवा. ही वाहिनी फोनवर येणाऱ्याच्या आवाजावरून निवड करते. किती कापतोय, धाप किती, शब्द किती तुटतायत ते मशीन मोजतं आणि तांबडा, पिवळा, हिरवा असा रंग देतं. तांबड्याला लगेच गाडी निघते.

शालनला हिरवा मिळाला. कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या डॉक्टरनं पाणी प्या, पडून राहा, दोन तासांनी परत बोला, असं सांगितलं.

हणमंतनं ते इंग्रजी पुढच्या खोलीतून ऐकलं होतं. विहीणबाई असतील असं त्याला वाटलं. त्याच्या मनात आलं होतं, काय बोलते ही आता, वा. मग मिक्सर चालतोय का बघायला त्यानं बटण दाबलं. दहा चाळीसला तो चहा मागायला आत गेला, तेव्हा ती ओट्याला टेकून खाली बसलेली होती.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिनं आपल्याला हाक मारली होती का?

कंपनीकडं त्यानं अर्ज केला. त्यांनी संभाषणाची इंग्रजी प्रत पाठवली. त्यात हाक नव्हती. एक शांत बाई डॉक्टरशी नीट बोलत होती. पट्टीनं टिपलेला मूळ प्रवाह आणि भोवतालचा आवाज, ज्याला ते कच्ची नोंद म्हणतात, ते द्यायला कंपनीनं नकार दिला. ती नोंद ते वर्षभर ठेवतात आणि मग पुसतात. म्हणजे चार ऑगस्टला ती जाणार होती. म्हणून हणमंत समितीकडं गेला. समितीचा नियम असा, की ज्या यंत्राविरुद्ध तक्रार आहे त्याच यंत्रातून जबानी घ्यायची नाही. समितीवरचे लोक मुद्दाम परराज्यातले नेमलेले. दुभाषा मागितला तर समितीच्या यादीवर मराठीचा एकच माणूस उरला होता, तो नागपूरला, आणि त्याची तारीख सप्टेंबरची.

"पट्टी आल्यापासून दुभाषे राहिलेत कुठं, काका?" फोनवरचा कारकून म्हणाला होता. "तुम्हीच बोला की थोडंफार."

थोरात बाई शिकवायच्या ते शाळेसारखं नव्हतं. व्याकरणाचं पुस्तक त्यांनी पहिल्या दिवशीच कपाटात ठेवलं.

"मराठीत वाक्य करून त्याचं इंग्रजी करायला जाऊ नका," त्या म्हणायच्या. "ते ओझं वाटेतच पडतं. जे तीन शब्द हातात आहेत ते टाका आधी. आणि सुरुवातीलाच सॉरी म्हणायचं नाही. माय इंग्लिश इज नॉट गुड, हेही नाही. समोरच्याला कान आहेत, त्याला समजतं ते."

"आणि शब्दच नाही आला तर?" हणमंतनं विचारलं.

"वळसा घ्यायचा. मला सांगा, झारा. इंग्रजीत काय?"

"काय की."

"मलाही पटकन येत नाही. बिग स्पून. मेनी होल्स. ऑइल गोज डाउन, भजी स्टेज अप. कळला का झारा?"

वर्ग हसला. हणमंतही हसला. मग त्याला त्याचं वाईट वाटलं आणि तो वहीत काहीतरी गिरवत बसला.

बाईंनी त्याला येणारे इंग्रजी शब्द लिहून आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यानं चार पानं आणली. स्टेटर, रोटर, बेअरिंग, फेज, लोड, मीटर, अर्थ, शॉर्ट, ट्रिप, बर्न, ओव्हरहीट, टेस्ट. बाईंनी चष्मा सारखा केला.

"एवढे शब्द असताना गप्प कशाला बसता हो?"

"हे मोटरीचे आहेत."

"शब्दाला काय माहीत तो कुणाचा आहे? तुमचे आहेत, तुम्हाला रुळलेत, हेच वापरा. दुसऱ्याच्या शब्दांनी बोलायला गेलात की आवाज बारीक होतो."

सगळ्यात जड त्याला काळ जायचे. वर्गात एक खेळ होता, बाई मराठी म्हणायच्या आणि समोरच्यानं झटकन इंग्रजी सांगायचं.

"आलो!" बाई म्हणाल्या.

"आय केम."

"कुठं आलात? बसलाय की बाकावर." बाई खुर्चीत मागं रेलल्या. "हे आपल्या मराठी माणसाचं बघा. बायको हाक मारते. हा जागचा हलत नाही, पेपर खाली ठेवत नाही, आणि म्हणतो, आलो आलो. इंग्रजीत असं चालत नाही. आय केम म्हणजे खरोखर आलेला. तुम्ही अजून वाटेत आहात. आय ॲम कमिंग."

"वाटेत तरी कुठं असतात, बाई," पुढच्या बाकावरची नर्स म्हणाली. "आमचे हे तासभर आलोच म्हणतात."

"आणि नाही आलो?"

"आय डिड नॉट केम," हणमंत म्हणाला.

"कम. डिड नॉटनंतर कम. डिडनं काळ उचललाय, पुढच्यानं परत उचलायचा नाही. किती वेळा सांगू?"

त्यानं वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत चुकला.

तिसावा दिवस होता. बाईंनी त्याला उभं करून सगळी हकिकत सांगायला लावली. माय वाइफ डाइड एवढं तो आता म्हणू शकत होता. पुढं मिक्सरपाशी येऊन अडला. ओट्याला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. त्यानं मान डावीकडं वळवली आणि म्हणाला, "अगं..."

"हे बघा," बाई म्हणाल्या. "हे तुमचं चौथ्यांदा झालं. अडलं की अगं, अगं. काही लोक ॲक्चुअली म्हणतात, काही अं अं करतात. ती सगळी भर. ती काढायची. तोंड मिटायचं, मनात तीन आकडे मोजायचे, मग बोलायचं. गप्प राहिल्यानं काही अब्रू जात नाही."

"भर नाही, बाई."

"मग काय?"

"मी तिला विचारत होतो."

वर्ग सुटल्यावर त्यांनी त्याला थांबवलं आणि कंपनीनं पाठवलेली ती इंग्रजी प्रत काढायला सांगितली. आजपर्यंत ती त्यानं कुणाला दाखवली नव्हती. बाईंनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि मराठीत सांगितली.

"डॉक्टर, मला छातीत किंचित अस्वस्थ वाटत आहे. धन्यवाद डॉक्टर. माझा डावा हात थोडा जड वाटतो. धन्यवाद डॉक्टर. ठीक आहे, मी पाणी पिते. धन्यवाद डॉक्टर."

"परत वाचा," हणमंत म्हणाला.

बाईंनी परत वाचलं.

"ही शालन नाही."

"आवाज तिचाच असेल की."

"थँक यू ती कुणाला म्हणायची नाही. तिला लाज वाटायची. ऋतुजानं साडी पाठवली तर म्हणाली, कशाला एवढं, आणि आत निघून गेली. ती दर वाक्याला थँक यू कशी म्हणंल?"

बाईंनी पुस्तिका मागवली. पट्टीबरोबर येते ती, कुणी वाचत नाही ती. बारीक अक्षरात शेवटून तिसऱ्या पानावर सापडलं. पाचव्या पायरीवर भरीचे शब्द वगळले जातील व तेथे संवादास अनुकूल सौजन्यपूर्ण शब्द घातले जातील. खाली भाषावार भरीचे शब्द दिले होते. मराठीच्या ओळीवर बाईंचं बोट सरकत गेलं. अं, हं, म्हणजे, बरं का, ना, अगं.

शेवटचा शब्द होता, अहो.

बाईंनी चष्मा काढला. हणमंत खिडकीबाहेर बघत होता. खाली वाचनालयाच्या अंगणात कुणीतरी सायकलीत हवा भरत होतं.

"तीन आहेत," तो म्हणाला. "थँक यू तीन आहेत."

ऋतुजा रोज संध्याकाळी सहाला फोन करायची. त्यानं तिला हे सांगितलं.

"पप्पा, नसेलही तसं. तीन वेळा अं अं केलं असेल."

"म्हणून तर ऐकायचंय."

"आणि असेल तर? ऐकून काय करणार तुम्ही?"

पिठलं करपत होतं, म्हणून त्यानं गॅस बंद केला.

"एक ऐका माझं," ऋतुजा म्हणाली. "ते पाचचं त्यांना सांगू नका. मी वकिलाला विचारलंय. काटा कुणी लावला ते त्यांच्याकडं सिद्ध होत नाही. विचारलं तर आठवत नाही म्हणा. आय डोन्ट रिमेंबर. एवढं येतं ना आता?"

"येतं."

"मग तेवढंच म्हणा. नाहीतर ते म्हणतील तुमचंच चुकलं, आणि नोंद मिळणार नाही."

अकरा जुलैला पहाटेच्या एसटीनं तो पुण्याला आला. समितीची खोली चौथ्या मजल्यावर होती, गार आणि पांढरी. मधोमध अध्यक्षा बसल्या होत्या, मिझोरामच्या मिसेस राल्ते, बारीक चणीच्या, पिकल्या केसांच्या. त्यांनी स्वतःची पट्टी सोडून टेबलावर ठेवली होती. शेजारी दोघे सदस्य. कोपऱ्यात नोंद लिहिणारा मराठी कारकून, त्यानंच हणमंतला पाणी आणून दिलं. समोर कंपनीचे वकील मेहरोत्रा. त्यांच्या गळ्यात पट्टी होती, बारीक, शर्टाच्या कॉलरखाली. नियम फक्त तक्रारदाराला होता.

"मिस्टर भोईटे, प्लीज," मिसेस राल्ते म्हणाल्या.

तो उभा राहिला. तोंड मिटलं. एक, दोन, तीन.

"माय नेम इज हणमंत भोईटे. आय रिपेअर मोटर. फॉर्टी इयर. माय वाइफ नेम शालन. शी डाइड. फोर्थ ऑगस्ट. आय वॉज इन नेक्स्ट रूम."

एवढं झालं.

मग वकील बोलले. त्यांचं बोलणं कुठंही न अडता वाहत होतं आणि हणमंतला त्यातलं अर्धं कळलं नाही.

"प्लीज से अगेन. स्लो."

वकिलांना ते परत म्हणावं लागलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. भाषांतर अचूक आहे. शालनचं 'कसंसंच' म्हणजे किंचित अस्वस्थ वाटणंच, दोन तज्ज्ञांचे दाखले जोडलेत. पट्टीनं सांगितलेलं काम केलं. पाचवी पायरी घरच्यांनी निवडली. आणि कच्ची नोंद देणं गैर आहे, कारण तिच्यात माणसाला जे बोलायचं नव्हतं तेही असतं. मेलेल्या बाईची ती खाजगी गोष्ट आहे.

"हू सेट द डिव्हाइस ॲट फाइव्ह?" वकिलांनी विचारलं.

हणमंतनं ऋतुजाचं वाक्य तोंडाशी आणलं. आय डोन्ट रिमेंबर. ते त्यानं एसटीत वीस वेळा म्हणून बघितलं होतं. सगळ्या वाक्यांत तेच सगळ्यात सफाईदार झालं होतं. एक, दोन, तीन, त्यानं मोजलं. चार, पाच.

मिसेस राल्ते थांबल्या होत्या. त्यांनी घाई केली नाही.

"आय," तो म्हणाला. "माय हॅन्ड. शी पुट टू. आय पुट फाइव्ह."

वकिलांनी समितीकडं बघितलं आणि कागद खाली ठेवले, जसं काही काम संपलं.

"नॉट फिनिश," हणमंत म्हणाला. त्याचा आवाज मोठा झाला होता, त्याचं त्यालाच नवल वाटलं. "बॅन्ड इज लाइक मीटर. मोटर हॅज लोड. टू मच लोड. मोटर शेक. मोटर हॉट. बट मीटर शो, ऑल ओके. ग्रीन. सो नोबडी कम. मोटर बर्न. आय पुट राँग मीटर. यस. बट हू मेक धिस मीटर?"

सदस्यांपैकी एकानं काहीतरी लिहून घेतलं.

"व्हाय डू यू वॉन्ट द रेकॉर्ड?" मिसेस राल्तेंनी विचारलं. त्याही सावकाश बोलत होत्या, एकेक शब्द खाली ठेवल्यासारखा. त्यांचंही इंग्रजी शिकलेलं होतं, हे त्याला तेव्हा कळलं.

त्यानं पुस्तिकेचं पान पुढं केलं. शेवटच्या शब्दावर शाईची खूण होती.

"कंपनी से, धिस वर्ड इज नथिंग. लाइक अं, अं. इन अवर साइड, वाइफ नॉट टेक हजबंड नेम. थर्टी एट इयर, शी नेव्हर से हणमंत. शी से, अहो. टी इज रेडी, अहो. फोन कम, अहो." तो थांबला. "अहो इज माय नेम. बॅन्ड कट माय नेम अँड पुट थँक यू."

कोपऱ्यातल्या कारकुनाची बोटं थांबली होती.

"वकीलसाहेब से, शी नॉट वॉन्ट टू स्पीक दॅट. शी वॉन्ट. बॅन्ड नॉट वॉन्ट."

तिघांनी माना जवळ घेतल्या आणि हळू बोलले. वकील उठून काही म्हणत होते, मिसेस राल्तेंनी हात वर केला. कंपनीचा इंजिनिअर दाराशी बसला होता, तोंडावरून अजून कॉलेजातला वाटणारा. त्याला त्यांनी नोंद लावायला सांगितली. शून्य पायरीवर, काही न गाळता, मूळ मराठीत. ही पायरी गिऱ्हाइकांच्या पट्टीवर नसते.

"हिअर? ऑर अलोन?" त्यांनी हणमंतला विचारलं.

"हिअर," तो म्हणाला. तो खुर्चीत बसला.

आधी नुसता श्वास आला. आखूड, वरच्या वर घेतलेला. मग शालन.

"डॉक्टर... छातीत... कसंसंच..." श्वास. "अहो."

मागं लांब कुठंतरी मिक्सर फिरत होता. पट्टीनं तोही टिपला होता.

"हात. हा डावा. जड... जड झालाय." श्वास, आणि भांडं घसरल्याचा आवाज. "अहो."

डॉक्टरचं काही त्यात नव्हतं, तेवढी जागा रिकामी गेली.

"हां. हां. पाणी... पिते."

मग काहीच नाही. इंजिनिअरनं हात पुढं केला, पण नोंद संपली नव्हती. मिक्सर बंद झाला. त्या शांततेत ती अगदी जवळून बोलल्यासारखी आली, रोजच्यासारखी, जरा लांबवून, शेवटी वर गेलेली.

"अहोऽ."

"आलो," हणमंत म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. एक हात टेबलावर, तोंड दाराकडं.

कारकुनानं मान खाली घातली होती, आणि त्यानं काही टाइप केलं नव्हतं. मिसेस राल्तेंनी त्याच्याकडं बघितलं, मग हणमंतकडं.

"मिस्टर भोईटे. फॉर द रेकॉर्ड. व्हॉट डिड यू से?"

त्याला इंग्रजी आठवायला वेळ लागला. तो सावकाश खाली बसला.

"आय केम," तो म्हणाला.

मग त्यानं तोंड मिटलं आणि मनात तीन आकडे मोजले.

"नो," तो म्हणाला. "आय डिड नॉट केम."

मिसेस राल्तेंनी कारकुनाला हातानं थांबवलं, स्वतःचं पेन काढलं, आणि तो जसा बोलला तसंच लिहिलं.